जमिनीतली शिट्टी

एकाहत्तरच्या लढाईनंतर आमच्या तुकडीकडे सरहद्दीवरचे सुरुंग काढायचं काम होतं. कानाला यंत्र लावायचं, पुढे त्याचा तवा फिरवायचा आणि आवाज बदलला की जागच्या जागी थिजायचं. मग पोटावर झोपून सळई तिरकी खुपसत सुरुंगाची कड शोधायची. तिरकी अशासाठी, की सरळ खुपसली तर तिचं टोक नेमकं सुरुंगाच्या डोक्यावर जाऊन बसतं. त्या कामात माझ्या शेजारच्या पट्ट्यातला जोडीदार गेला. पुढे मी फौज सोडली आणि कुरुंद्याजवळच्या आमच्या गावी येऊन थोरल्या भावाबरोबर शेती करू लागलो.

वसमतला माझा एक शाळासोबती रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. काहीतरी नवं जोडून बघायचा त्याला भारी नाद. ज्वारी घरात येऊन पडली होती, त्या दिवसांत तो एसटीनं आला तो एक चमत्कारिक वस्तू घेऊनच. बांबूच्या टोकाला पिठाच्या चाळणीचं लाकडी कडं, कड्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, आणि बांबूच्या वरच्या अंगाला बांधलेला ट्रान्झिस्टर.

"स्टेशन नसेल तिथं काटा लावला की हा बारीक शिट्टी वाजवतो," तो म्हणाला. "खाली धातू आला की शिट्टीचा सूर बदलतो. मला जोडता आलं गड्या, पण चालवता येऊन न्हाई राहिलं. तू फौजेत हेच करत होता. शिकव मला."

"हे माझ्यापुढून उचल," मी म्हणालो आणि उठून गोठ्यात गेलो.

त्यानं ते नेलं नाही. गोठ्याच्या भिंतीला टेकवून संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनी त्या यंत्रापुढे उभ्या होत्या. मी लहान असताना त्या आमच्या घरात आल्या. मला त्यांनीच वाढवलं म्हणा ना. त्यांनी विचारलं, "भाऊजी, हे जमिनीच्या पोटातलं सांगते म्हणे. मला शिकवता का?"

मित्राला नाही म्हणता आलं, त्यांना आलं नाही.

रविवारी आम्ही पांढरीवर गेलो. कोण्या काळी गाव तिथं नांदत होतं. आता नुसता उंचवटा, राखेसारखी पांढुरकी माती आणि पायाखाली खापरं. शिकायला तिघं होते: वहिनी, वसमतहून आलेला मित्र, आणि यंत्राची बातमी ऐकून आलेले शाळेतले गुरुजी.

मी मित्राला एक जुना निजामी पैसा पुरायला लावला आणि बांबू हातात घेतला.  कडं जमिनीपासून चार बोटं वर धरून दाखवलं. विळ्यासारखं झपकन फिरवायचं नाही, सावकाश, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवायचा, म्हणजे मधे जागा सुटत नाही.

"सारवल्यावानी," वहिनी म्हणाल्या.

"बराबर," मी म्हणालो. यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

मित्राचा हात घाईचा होता. गुरुजी कडं उचलून धरायचे. वहिनींचा हात पहिल्यापासून बसला, फक्त त्या पाऊल पुढे टाकायच्या आणि पायातली जोडवी शिट्टी बदलायची. "जोडवी तर मी काढणार न्हाई," म्हणाल्या, आणि पाय मागे ठेवून, कमरेतून वाकून फिरवू लागल्या. बैलाच्या नालेचे दोन तुकडे आणि एक वाकडा खिळा निघाला, तर तिघांना केवढा आनंद! शिट्टी बदलली की ते हसत पुढे धावायचे. माझे मात्र पाय धावत नव्हते.

ऊन कलायला लागलं तेव्हा वहिनी एका जागी थांबल्या. "इथं काहीतरी हाय. लई बारीक."

मी कान दिला. सूर जेमतेम चढला आणि उतरला. कमी धातूच्या सुरुंगावर यंत्र असंच कुजबुजायचं. माझ्या तोंडून आरोळी निघाली, तीही हिंदीत. "पीछे हटो! सब पीछे!"

तिघं मागे सरले. मी पोटावर झोपलो. हाताला लागलेली एक काटकी तिरकी धरून मातीत घालू लागलो. घाम डोळ्यांत उतरत होता. मी कुठं आहे तेच मला कळत नव्हतं. 

मग वहिनी येऊन माझ्या बाजूला मातीतच बसल्या.

"भाऊजी, काहून भिऊन राहिले? ही आपली पांढरी हाय. इथं कोणी कोणाच्या वाईटावर काही पुरलं न्हाई."

आणि त्यांनी उघडा हात सरळ मातीत घातला. मी डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या तळहातावर हिरवी पडलेली एक बारीक काडी होती, बोटाएवढी, दोन्ही टोकं गोलसर. गुरुजींना आधी तो खिळाच वाटला. वहिनींनी ती पदरानं पुसली, बोटांत धरली आणि डोळ्याजवळ नेली.

"काजळाची काडी हाय ही. माझ्या आईपाशी अशीच होती. टोक गोल असते, लेकराच्या डोळ्याला टोचू नये म्हणून."

पुढे गुरुजींनी ती औरंगाबादला कॉलेजातल्या एका इतिहासाच्या प्राध्यापकांना नेऊन दिली. ते म्हणाले, तांब्याची आहे, सातवाहनांच्या काळातली असावी. पांढरीवर आता खणू नका, असंही त्यांनी बजावलं, आणि आम्ही ते पाळलं. पण त्या रविवारी हे काही ठाऊक नव्हतं. आम्ही चौघं नुसते त्या काडीभोवती बसून होतो. जमिनीत लपवलेली वस्तू म्हणजे मरण, एवढंच मला माहीत होतं. आणि इथं कोण्या बाईनं लेकराच्या डोळ्याला जपून घडवून घेतलेली वस्तू मातीनं इतका काळ सांभाळून परत हातात दिली होती. माझा हुंदका काही केल्या आवरेना. मित्रानं पाठीवर हात ठेवला. दिवस मावळेपर्यंत कोणी उठलं नाही.

त्यानंतर मी पुष्कळांना शिकवलं. नांगराचा हरवलेला फाळ, विळे, आडाच्या कडेला पडलेली बादलीची कडी शोधायला. तरी सूर बदलला की मी आधी जागच्या जागी थांबायचो. पुढच्या वर्षी हट्ट्याहून एक माणूस बैलगाडी घेऊन आला. हळदीच्या शेतात बायकोचं चांदीचं कडं पडलं होतं. मी बांबू उचलायला गेलो, तर तो म्हणाला, "तुमी न्हाई, आमच्या घरच्यांनी काजळाची काडी हुडकणाऱ्या त्या वहिनीबाईलाच बोलावलं."

वहिनी बांबू घेऊन गाडीत चढल्या. मी ट्रान्झिस्टरचे जादा सेल खिशात घालून मागे बसलो.