मागच्या ओळीतला आवाज

आमच्या रविवारच्या बैठकीत "छान आहे" म्हणायला बंदी आहे. गाणं संपल्यावर ज्याच्या तोंडून हे दोन शब्द निघतील, त्याने समोरच्या टपरीवरून सगळ्यांसाठी चहा आणायचा. छान आहे ते सगळ्यांनाच कळतं, तू काय ऐकलंस ते सांग, असा नियम. नियम शेठचा, कारण दुकानही शेठचंच. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये ते अ‍ॅम्प्लिफायर आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करतात. हल्ली टेप दुरुस्त करायला आणतं कोण, हा प्रश्न त्यांच्या बायकोलाही पडतो. पण रविवारी सकाळी शटर अर्धं वर जातं आणि वाकून आत शिरतो आम्ही दोघं: बदलापूरहून मी, अंबरनाथ पूर्वेहून दादा.

तिघांचं वेड एकच, पण तऱ्हा तीन. शेठना गाण्यातल्या चुका आवडतात. ध्वनिमुद्रण चालू असताना कुणाची खुर्ची करकरली, कुणी घसा खाकरला, असलं काही सापडलं की त्यांचा चेहरा उजळतो. मी श्वास ऐकते. गायिका दोन शब्दांच्या मध्ये श्वास कुठे चोरते, हे कळल्याशिवाय मला गाणं कळल्यासारखं वाटत नाही. आणि दादांना फक्त गिटार. गाणं कुणाचं, पडद्यावर कोण नाचत होतं, काही विचारू नका. तिसऱ्या कडव्याच्या मागे गिटारवाल्याने एकच सूर कसा दाबून धरला, तेवढं विचारा. ते कारखान्यातून निवृत्त झाले, पण तरुणपणी भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचे आणि अजूनही डाव्या हाताची नखं बारीक कापून ठेवतात.

शेठचा लाडका गिटारवाला म्हणजे तारा खेचून खेचून रडवणारा. दादा त्याला "नळ दुरुस्त करणारा" म्हणत. "साईं, तुमचा वाजवतो ना, तो गातच नाही," शेठ त्यांच्या सिंधी वळणाने चिडून म्हणत. "शेठ, त्याचं काम गायकाला गाऊ द्यायचं आहे," हे दादांचं ठरलेलं उत्तर. हे भांडण वर्षानुवर्षं चाललंय आणि ते मिटू नये असं मला मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या, दादांची बायको. मग दादा यायचे थांबले. आम्ही दोघं बसायचो, पण भांडायला कुणी नसल्यामुळे शेठच एकदा चक्क "छान आहे" म्हणाले आणि मुकाट्याने उठून चहा आणायला गेले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

उन्हाळ्यात एका रविवारी दादा आले. पाठीवर गिटार, हातात एक कॅसेट. जयभीम झालं, पाणी झालं. मग म्हणाले, "आज गिटार नाही ऐकायची. माणूस शोधायचंय."

ती त्यांच्या वस्तीतल्या गाणाऱ्यांनी काढलेली भीमगीतांची कॅसेट होती. वहिनींनी लग्नाआधी तिच्यात कोरसला गायलं होतं. मूळ टेप कुठे गेली कुणाला ठाऊक नाही, ही हातोहात कॉपी होत आलेली. दादा याच कॅसेटवरून ती गाणी वाजवायला शिकले होते.

"महिना झाला, रोज लावतोय," दादा म्हणाले. "ती म्हणायची, मागच्या ओळीत मी आहे. मला सापडतच नाही. सगळ्या बारीक गळ्याच्या पोरी. हिचा आवाज तर जाड. माझी आई म्हणायची, सुनेने हाक मारली की स्टेशनपर्यंत जाते." ते हसले, आणि मग खाली बघून म्हणाले, "आता वाटायला लागलंय, की ती नव्हतीच यात. उगाच म्हणायची."

मी वहिनींच्या हातचं पुष्कळदा जेवले होते, पण त्यांना गाताना कधी ऐकलं नव्हतं. ज्यांचा फोटो सोडला तर काही उरलं नाही, त्यांच्याबद्दल घरच्याच माणसाच्या मनात असा किंतु यावा, हे मला सोसवेना. मी शेठना म्हटलं, "लावा."

गाणं चांगलंच होतं. मुख्य गायक तडफदार, ढोलकी धावती, कोरस उत्साही. दादांनी सवयीने गिटारीला पहिल्या पट्टीवर कॅपो लावला, म्हणजे तारा चिमटून सूर चढवणारी ती पकड, आणि सोबत वाजवू लागले. सूर तंतोतंत जुळले. कोरसमध्ये जाड आवाज मात्र कुठेच नव्हता.

गाणं संपलं. मग मी माझं नेहमीचं सांगितलं. "दादा, हा गायक श्वास फार घाईने घेतोय. मागे कुत्रं लागल्यासारखा. आणि कोरसवाल्याही तशाच. एक जण घाईत असेल, समजू शकते. सगळेच्या सगळे?"

शेठनी चष्मा कपाळावर सरकवला. "एक मिनट. दादा, ये कॅपो तुम्ही का लावता?"

"गाणं तिथेच आहे ना."

"गाणं तिथे आहे, की कॅसेट?"

दादा रागावलेच. आपल्या कानावर त्यांचा फार भरवसा, आणि तो बरोबरही होता. कॅसेट जिथे वाजत होती तिथेच ते सूर लावत होते. पण कॉपी करणाऱ्याचं मशीन गतीत गडबड करत असेल, तर सगळं गाणं जलद आणि वरच्या सुरात उतरणार, आणि त्याच्यावरून शिकणारा जन्मभर कॅपो लावणार. त्या वस्तीतल्या सगळ्या पोरांनी ते गाणं तसंच वाजवलं असणार.

शेठनी टेपरेकॉर्डर उघडला. मोटरच्या मागच्या भोकात बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की गती बदलते. दादांनी कॅपो काढून मोकळी तार छेडली. "हिच्यापर्यंत आणा," म्हणाले. शेठ केसभर केसभर फिरवत गेले. गायकाची तडफ उतरली, ढोलकी जमिनीवर आली. श्वास लांबले. मला पहिल्यांदा वाटलं, ही माणसं आहेत, उभी राहून गाताहेत.

कोरस आला. पोरी आता पोरी राहिल्या नव्हत्या, बायका झाल्या होत्या. आणि त्यांच्या तळाशी एक जाड, सरळ आवाज होता. ओळ संपली तरी तो लगेच थांबला नाही, शेवटचं अक्षर धरून जरासा मागे रेंगाळला.

दादांनी गिटार खाली ठेवली. शेठनी न विचारता टेप मागे घेतली. पुन्हा तोच आवाज, पुन्हा तसाच रेंगाळला.

दादांनी खिशातून फोन काढला, नाशिकला दिलेल्या मुलीला लावला. "अगं ऐक," एवढंच म्हणाले आणि फोन स्पीकरजवळ धरला. काय ऐकायचं ते सांगितलंच नाही. मला भीती वाटली, तिला नाही कळलं तर?

कोरस संपला. मग मुलगी म्हणाली, "बाबा, सगळ्यांच्या मागे राहिली ती आई ना?"

दादांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "हो बाळा. आईच."