चहा न पिणारे पाहुणे आणि माझी पुणतांब्याची फेरी

पहिली आली ती हौसाबाई. तिच्याआधी दुसरं कोण येणार? श्रीगोंद्याच्या बाजारात बातमी निघाली की आधी हौसाबाईच्या दारावरून जाते आणि मग तिच्याच पायांनी माझ्या ओट्यावर चढते. चप्पल काढायच्या आत सुरू झाली, "सलाम काकी. तुमच्या रूथनं पोरगा बघितलाय म्हनं. पन त्येंच्या चर्चवर क्रूसच न्हाई!"

"मग काय हाय, अँटिना?"

"हसू नका. नाव येशूचंच घेत्यात, पन आतून येगळंच हाय. बाटल्यात म्हनं लोकं."

आता मला हसू आवरेना. "बाई, आपल्या आज्या-पणज्यांना बी गाव हेच म्हनत हुतं. शब्द तरी नवा आनायचा."

ती गेली आणि रूथचाच फोन आला. रूथ म्हणजे माझ्या लेकीची, सुलभाची मुलगी. पुण्यात नोकरीला असते. तिचे वडील, म्हणजे माझे जावई, पुणतांब्याला पास्टर. रूथ म्हणाली, "आजी, अनिकेत त्याच्या आईला घेऊन शनिवारी घरी येतोय. ते मॉर्मन आहेत. पप्पा म्हणतात, घरात घेईन, जेवू घालीन, पण हो म्हणणार नाही. आणि पप्पांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय मी लग्न करणार नाही. तू ये ना."

मॉर्मन म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पण नात ये म्हणते आणि वर जेवणही आहे, मग कारण कशाला शोधायचं? शुक्रवारी सकाळी पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि झाडाची लिंबं भरली आणि निघाले.

श्रीगोंद्याहून नगरची एसटी सकाळीच धरा. ऊसतोडीचे दिवस आहेत, उशीर केला तर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे गोगलगाय होते गाडीची. बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बाया पूर्ण जागा घेऊन बसतात. माझ्या शेजारची तर एक टोपलं आणि एक कोंबडी घेऊन बसली होती. कोंबडी शांत होती, बाई नव्हती. नगरला माळीवाडा स्टँडवर उतरून मिसळ खाल्ली. तिखट इतकी, की डोळ्यांतून पाणी आलं आणि समोरच्या पोरीनं विचारलं, "आजी, कुणी गेलं का?" श्रीरामपूरची गाडी मात्र तारकपूर स्टँडवरून मिळते, हे लक्षात ठेवा. रिक्षावाला आधी जास्त सांगतो. "माझा जावई पास्टर आहे" म्हटलं की थोडं कमी करतो, का ते मला माहीत नाही.

पुढच्या रस्त्याबद्दल काय सांगू? राहुरीपर्यंत खड्ड्यांमधून कुठेकुठे रस्ता दिसतो. कंबरेला पट्टा बांधा. श्रीरामपूरला काळीपिवळी जीप मिळाली, ती भरल्याशिवाय हलत नाही. भरली म्हणजे आपल्याला भरली वाटते तशी नाही, ड्रायव्हरला वाटते तशी. ऊन उतरता उतरता पुणतांब्यात पोचले. जीपवाल्यानं चर्चच्या दारातच सोडलं. चर्च म्हणजे पत्र्याचं शेड, पण दोन मोठे स्पीकर आहेत. रविवारी नदीपलीकडच्या लोकांचंही तारण होत असेल.

चहा झाल्यावर जावईबापू समोर बसले. मोठा सज्जन माणूस. सासूला आमच्यात मामी म्हणतात.

"मामी, तुम्ही रूथची बाजू घ्यायला आलात."

"मी जेवायला आले. पण सांगा तरी, त्या लोकांचं वाकडं काय आहे?"

मग त्यांनी सांगितलं. मला कळलं तेवढं लिहिते. त्या लोकांचं शास्त्राशिवाय, म्हणजे आपल्या बायबलशिवाय, आणखी एक पुस्तक आहे, अमेरिकेत एका नबीला मिळालं म्हणतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे आपण मानतो तसे एकच देव नाहीत, तीन निरनिराळे. देवबापाला हाडामांसाचं शरीर आहे. माणूस वाढत वाढत देवासारखा होऊ शकतो. मेलेल्या माणसासाठी जिवंत माणूस पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतो. आणि येशूच्या आठवणीत चर्चमध्ये प्रभुभोजन घेतात, त्याला भाकर आणि साधं पाणी!

"पाणी, मामी! द्राक्षरस नाही!"

आमच्या जुन्या मिशनच्या चर्चला मी लहान असताना काळ्या मनुका उकळून ते पाणी द्यायचे, आणि एका वर्षी मनुका महागल्या तेव्हा त्या पाण्याचा रंग कसला होता ते एक प्रभूला ठाऊक, एक मला.

"त्यांच्या मंडळीत माझ्यासारखा पगारी पाळकही नसतो," जावईबापू म्हणाले. "आळीपाळीनं कोणीही उठून बोलतं. टाळ्या नाहीत, ढोलकी नाही."

"पाळक न्हाई? मग मंडळी भांडते कुणाशी?"

सुलभा पदरात हसली. जावईबापू हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "मी दारूत बुडालो होतो, मामी, तेव्हा मला ज्यानं वर काढलं तो देवच होता. देवांपैकी एक नव्हता. हे लोक नाव त्याचंच घेतात, पण पाटी तीच आणि दुकान दुसरं. माझी लेक मी त्या दुकानात कशी पाठवू?"

माणूस हट्टानं बोलत नव्हता. घाबरून बोलत होता, आणि लेकीच्या बापाची भीती मी जवळून पाहिलेली आहे.

शनिवारी पाहुणे आले. पोरगा पांढरा सदरा, केस चापूनचोपून, बँकेत कर्ज मागायला निघाल्यासारखा. आई सरलाताई, साधी सुती साडी, सुलभाच्याच वयाची. सुलभानं दूध घालून, आलं ठेचून, कपबशा चांगल्या काढून चहा आणला. आणि पोरानं हात जोडले, "नको, आम्ही चहा घेत नाही."

आईनंही तेच केलं.

सुलभा ट्रे धरून उभीच राहिली. तुम्ही परगावचे असाल तर तुम्हाला यात काय एवढं, असं वाटेल. पण माझ्या सासऱ्यांना गावात चहा मिळायचा तो वळचणीला खोचलेल्या वेगळ्या कपात, आणि आमच्या घरी कोणी मोठा माणूस आला की त्याचं नेमकं तेव्हाच पोट बिघडलेलं असायचं. म्हणून आमच्यात पाहुण्यानं घोटभर तरी घ्यायचाच असतो. नाही घेतला तर कारण कोणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं.

जावईबापूंचा चेहरा दगडासारखा झाला. रूथ लाल. तिला वाटलं होतं, आईला सांगितलंय. सुलभाला वाटलं होतं, पोरगी थट्टा करते, चहा न पिणारा माणूस कुठे असतो?

मी उठले, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि सरलाताईंपुढे धरलं. "हे चालतं का?"

बाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. समजली. वरून धार न धरता तांब्या ओठाला लावला आणि अर्धा संपवला. मग तोंड पुसत म्हणाली, "मावशी, मी कोपरगावकडची. माझ्या आजीला विहिरीची पायरी चढू देत नव्हते. आमचा चहा-कॉफीचा नेम देवाशी आहे. तुमच्या घराशी नाही."

सुलभानं ट्रे खाली ठेवला आणि ते सगळे चहा आम्हीच प्यायलो. मी दोन.

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, माझी चटणी आणि कोंबडीचा रस्सा. जावईबापूंच्या घरी पाहुण्याला प्रार्थना करायला सांगायची रीत आहे. त्यांनी सांगितलं नाही. स्वतःच डोळे मिटून सुरू केली, हात वर करून, मोठ्यानं. मी एक डोळा उघडा ठेवते, रस्सा निवतोय का ते बघायला. पाहते तर पोरगा आणि त्याची आई हाताची घडी घालून बसलेले! शाळेत मास्तर "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हणायचे तसे. जावईबापूंनी आमेन म्हणून डोळे उघडले आणि तेही त्यांना दिसलं.

"माझी प्रार्थना ऐकायचीच होती, करायची नव्हती वाटतं."

"नाही काका," पोरगा गडबडला, "आम्ही प्रार्थना अशीच करतो. लहानपणापासून."

"प्रार्थना करतोस की हजेरी देतोस?" मी म्हटलं. पोरगा हसला, आणि घास उतरायला लागले. रस्सा त्यानं तीनदा घेतला. चहा नाही तर नाही, पण रश्शाला नाही म्हणत नाही, म्हणजे धर्म अगदीच वाईट नसावा.

हात धुतल्यावर जावईबापूंनी तपासणी सुरू केली. देवाला शरीर आहे असं मानतोस? हो. तुमचं पुस्तक शास्त्राच्या बरोबरीचं? हो, दोन्ही देवाचा शब्द. पोरगा आवाज न चढवता उत्तरं देत होता, आणि एकही उत्तर मऊ करून देत नव्हता. शेवटी जावईबापूंनी विचारलं, "मी कितीतरी लोकांना याच गोदावरीत बाप्तिस्मा दिलाय. तो तुमच्यात चालतो का?"

पोरानं रूथकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही, काका. आमच्यात येणाऱ्याला पुन्हा घ्यावा लागतो."

"तुमचाही आम्हाला चालत नाही. या घरात लग्न व्हायचं तर आधी नदीत उतरावं लागेल, माझ्या हातून."

"मी खोटं खोटं उतरणार नाही, काका. तुम्हाला तरी ते आवडेल का?"

रूथ उठून आत गेली. तिच्या हुंदक्याचा आवाज बाहेर आला. आता मला राहवेना. जावयाला चारचौघांत बोलू नये हे मला कळतं. पण सत्तरी ओलांडली की थोडी सूट असते.

"जावईबापू, माझ्या कपाळावर पाळकानं लहानपणी पाणी शिंपडलं. तुमी म्हनलात, शिंपडलेलं चालत न्हाई. म्हातारपणी मला कॅनॉलला बुडवलंत, वर दोन दिवस सर्दी. तुमचं लगीन ठरलं तवा सुलभा बी शिंपडलेलीच हुती. आमचे मालक म्हनले हुते, आधी लगीन, पाण्याचं तिचं ती बघंल. तिला पाण्यात न उतरवताच लगीन लावलंत का न्हाई?"

"ते वेगळं होतं, मामी. येशू तोच होता."

"आमच्या मालकांना तसं वाटत नव्हतं. टाळ्या पिटून, अनोळखी भाषेत ओरडणारी ती हालेलुयावाली मानसं, ही कसली ख्रिस्ती, असं म्हनायचे. दार उघडायला त्यांना बी जड गेलं. पन उघडलं."

जावईबापू उठून अंगणात गेले.

आम्ही बायका तेवढ्यात नदीवर जाऊन आलो. पुणतांब्याला गेलात तर घाट नक्की पाहा, दगडी पायऱ्या थेट पाण्यापर्यंत, आणि संध्याकाळी गर्दी नसते. पायरीवर बसून मी सरलाताईंना ते मेलेल्यांच्या बाप्तिस्म्याचं विचारलं. म्हणाली, त्यांच्यासाठी दार उघडून ठेवायचं, यायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. माझे पणजोबा येशूचं नाव न ऐकताच गेले. ते नरकात आहेत असं आमच्या जुन्या पाळकानं मला लहानपणी सांगितलं होतं, आणि मी तेव्हा त्याच्या सायकलची हवा सोडली होती. मला पटलं असं म्हणत नाही. पण ऐकायला बरं वाटलं.

परत आलो तर जावईबापू आणि अनिकेत ओट्यावर बसलेले. दोघांच्या मध्ये ते पुस्तक. जावईबापू म्हणाले, "मी हे वाचणार आहे. कुठे चुकलंय ते दाखवायला." मग पुस्तक घरात नेलं. शास्त्राच्या फळीवर ठेवलं नाही, फ्रिजवर ठेवलं, वर बटाट्याची टोपली. पण घरात ठेवलं. आणि दारात पाहुण्यांना निरोप देताना म्हणाले, "पुढच्या वेळी वडिलांना घेऊन या."

सुलभानं माझा हात गच्च दाबला. आमच्याकडे मुलाच्या बापाला बोलावणं म्हणजे नुसतं जेवायला बोलावणं नसतं. रूथ वडिलांच्या पाया पडायला वाकली, तर ते म्हणाले, "अजून हो म्हटलेलं नाही." हात मात्र डोक्यावर ठेवून झाला होता.

रविवारची उपासना ऐकून, कानात दडे बसवून, सोमवारी मी परत निघाले. येताना पॅसेंजरनं आले नगरपर्यंत. कंबरेला आगगाडीच बरी, उशीर करते पण आदळत नाही. घरी पोचते तर हौसाबाई ओट्यावर हजर. "काय मग काकी, ख्रिस्ती हायेत का न्हाईत ते?"

मी तिला काय सांगणार? जावईबापू म्हणतात नाहीत, आणि ते मनापासून म्हणतात. पोरगा म्हणतो आहोत, तोही मनापासून. मला त्या तीन आणि एकच्या हिशोबातलं काही कळत नाही. माझ्या लक्षात एवढंच राहिलंय, की पोरगी हातची जाईल असं दिसत असूनही तो पोरगा खोटं बोलला नाही, आणि पोरगी हातची जाईल असं दिसत असूनही तिचा बापही खोटं बोलला नाही. दोघांच्या मध्ये बसून चटणी-भाकरी खाणं सोपं नसतं, पण पचते.

पाहुण्यांनी पुन्हा कधी यायचं तो दिवस ठरवतानाच खरं भांडण झालं होतं. रविवारी ते लोक प्रवास करत नाहीत. शुक्रवारी जावईबापूंची उपासप्रार्थना. नाताळात मंडळीचं रात्री-रात्री घरोघरी कॅरल गाणं, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तिकडे उपास, म्हणून आदल्या शनिवारीही नको. शेवटी जावईबापूंनीच भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं, चष्मा लावला, आणि कोणाच्याच देवाची हरकत नाही असा एक दिवस शोधून त्यावर बोट ठेवलं. मुलाच्या वडिलांना घेऊन पाहुणे सव्वीस जानेवारीला येणार आहेत, झेंडावंदन झाल्यावर.