बुखार, बुखार, हैजा

माझ्या मुलीच्या उष्टावणाच्या दिवशी मी आत्यावर ओरडलो. पाहुणे ताटकळलेले, खीर थंड होऊन राहिलेली, आणि घरातली सगळ्यात मोठी बाई दोन्ही हात पदरात लपवून भिंतीला चिकटून उभी. "एक बोट खीर लावायची आहे, आत्या, विष नाही चारायचं!" ती मागच्या दारानं निघून गेली.

तो शब्द तिला कुठे लागला, ते संध्याकाळी कळलं. अंगणात बाजेवर बसून तिनं पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती लहान असताना मोहगावकडच्या आमच्या गावात हैजा, म्हणजे कॉलरा, आला होता. तिचा बाप, म्हणजे माझे आजोबा, गावचे कोटवार. गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं, की ठाण्यावर जाऊन खबर द्यायची हे त्यांचं काम. त्या उन्हाळ्यात त्यांनी घरच्या पोरांना दम भरला होता, नदीचं पाणी प्यायचं नाही, बाहेरचं काही खायचं नाही. आत्यानं नदीच्या पात्रातल्या भाजीच्या वाडीतून काकडी आणली आणि धाकट्या भावाला चारली. मालगुजाराच्या, गावच्या जमीनदाराच्या, घरी लग्नाचा बँड वाजत होता, तेव्हा पोरगं गेलं.

"गावात पयला तोच गेला, बाबू. बाप म्हने, तूच आनला हैजा घरात."

त्यानंतर तिनं एकाही लेकराला स्वतःच्या हातानं घास दिला नाही. तिला मूलबाळ झालं नाही, तेही ती शिक्षाच समजत होती. मला असा संताप आला! सौसरच्या शाळेत मी पोरांना हैजा कशानं होतो ते शिकवायचो, आणि माझ्याच घरात ही बाई जन्मभर एका काकडीखाली दबून बसलेली. भावाच्या आधी गावात एक जरी माणूस हैज्यानं मेल्याचं सापडलं, तरी ती सुटत होती. मी शोधायचं ठरवलं.

पांढुर्ण्याच्या एका वाचनालयात नागपूरची जुनी वर्तमानपत्रं आहेत असं ऐकलं होतं. रविवारी बस धरून गेलो.

"होती ना," तिथले गृहस्थ म्हणाले. "मागच्या बहाराले रद्दीत देल्ली. संत्र्याच्या पेट्यांत अंथराले लागते न कागद."

"अहो, त्यात आमची माणसं होती मेलेली!"

"मंग आता काय दिल्लीच्या मंडीत पाहाले जाता?" ते खो खो हसले. मला हसू आलं नाही. उरलेल्या गठ्ठ्यात त्या सुमाराचा एक अंक निघाला. तालुक्यात हैजा असल्याची दोन ओळींची बातमी, गावाचा पत्ता नाही. शेजारी केसतेलाची जाहिरात मात्र चांगली हातभर.

मग तहसिलीच्या रेकॉर्ड रूमचा पिच्छा पुरवला. आज साहेब नाही, उद्या चावी नाही. "सर, जमीन-बिमीन निघून राहिली का कुठं?" तिथल्या बाबूनं विचारलं. "जमीन नाही, मयत काढून राहिलो," मी म्हणालो. तेव्हा कुठे त्यानं ठाण्याची जुनी मृत्यूची बुकं माझ्यापुढे टाकली. कागद असे, की बोट लावलं की तुकडा हातात.

आमच्या गावाचं पान निघालं. पहिला हैजा दिसला तो पाच वर्षांच्या मुलाचा, खबर देणारा कोटवार, म्हणजे बापच. पुढे अंगठा. त्याखाली हैजा, हैजा, हैजा. म्हणजे आत्या म्हणत होती ते खरं. आता घरी जाऊन तिला काय सांगू?

बुक मिटता मिटता वरच्या ओळींवर नजर गेली. तिथे मरणाचं कारण नुसता ताप. बुखार. बुखार. एकाच घरातली आई आणि दोन लेकरं, लागोपाठ, बुखार. एक म्हातारा, बुखार. एकाच आठवड्यात एवढा बुखार, आणि आमचं पोरगं गेल्यापासून एकही नाही! प्रत्येक बुखारापुढे तोच अंगठा.

हैज्याची खबर गेली असती तर सरकारी माणसं आली असती, विहिरी बंद झाल्या असत्या, मालगुजाराची वरात वेशीवरून परत गेली असती. कोटवार मालगुजाराच्या शब्दाबाहेर कुठे जाणार? लग्न पार पडेपर्यंत हैज्याला बुखार म्हणायचं ठरलं असणार; आमच्या पोराची खबर ठाण्यावर गेली तोवर लग्न उरकलेलं, म्हणून तिथून पुढे खरं नाव. आजोबांना सगळं माहीत होतं, म्हणून तर घरच्या पोरांना दम. कारण मात्र लेकीलाही सांगितलं नाही, आणि वर खापर तिच्याच डोक्यावर फोडलं. त्या कागदावरच्या अंगठ्याचा मला भयंकर राग आला.

घरी बुद्धाच्या फोटोशेजारी आजोबांच्या कोटवारीच्या पट्ट्याचा पितळी बिल्ला टांगलेला होता. धम्म घेतल्यावर माझे वडील म्हणाले होते, गुलामीची निशाणी आहे, फेक. आत्यानं फेकला नाही. दर रविवारी चिंचेनं घासून लखलखीत करायची. बाप म्हणजे तिच्यासाठी काय, हे मला ठाऊक होतं. दारात चपला काढताना मी थांबलो. पण गप्प बसणं आपल्याला कधी जमलं! सगळं सांगून टाकलं.

तिनं भिंतीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं.

"म्हंजे बापाले मालूम होतं?"

"होतं, आत्या."

"नाही." ती ताडकन उठली. "चुकीचं लिहून असन. माहा बाप असा नोहता. काकडी मीच चारली होती."

मी वाद घातला, आवाज चढवला. ती ऐकेना.

पुढच्या रविवारी चिंच भिजत घातलेली दिसली नाही. बिल्ला तसाच, काळवंडलेला. मी विचारलं, तर म्हणाली, "हात दुखून राहिले आज."

दुपारी ती जेवायला बसली होती. माझी मुलगी रांगत तिच्यापाशी गेली आणि ताटातल्या भाकरीकडे हात पसरून "आ" करून बसली. आत्यानं तुकडा मोडला. भिंतीवरच्या काळ्या बिल्ल्याकडे पाहिलं. मी शेजारीच उभा होतो. बाप तर मी तिच्यापासून काढून घेतला होता, निदान हा एक घास तरी तिनं भरवावा.

तिनं तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. "तूच चार तिले," ती म्हणाली.