सव्वाअकराची भरती

माझ्या तोंडाला लगाम नाही, असं आई दिवसातून दोनदा म्हणायची. ते खरंच आहे. ओमानच्या किनाऱ्यावर त्या सकाळी मी तोंड बंद ठेवलं असतं, तर आबा आज अर्नाळ्याला स्वतःच्या घरात असते.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर ते वाडीतल्या घरात एकटेच राहायचे. केळी, चार माड, विहीर, एवढाच त्यांचा संसार. मी वसईला एव्हरशाईनमधल्या फ्लॅटमध्ये, आणि धाकटा भाऊ नोकरीला मस्कतला. गेल्या दोनेक वर्षांत आबा विसरायला लागले होते. एकदा गॅसवर दूध ठेवून बाजारात गेले. पातेलं जळलं, घर वाचलं. एकदा विरारला उतरले आणि घरी कसं जायचं तेच आठवेना. भाऊ फोनवर माझ्यामागे लागला, घराला कुलूप लाव आणि त्यांना तुझ्याकडे आण. मी म्हटलं, "चौथ्या मजल्यावर काय करतील रे ते? लिफ्टची बटणं दाबत बसतील?" आबांना मी शब्द दिला होता की तुमचं घर मी बंद होऊ देणार नाही.

शेवटी भाऊ म्हणाला, "आठ दिवस दोघं इकडे या. गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने फिरू, तंबू ठोकून राहू. त्यांचं डोकं कसं चालतंय ते मला बघू दे. मग ठरवू." आबांची परीक्षाच होती ती, आणि आबांना पत्ताच नव्हता. मी सांगितलं नाही. सहल आहे, एवढंच म्हटलं.

आणि मग आठ दिवस माझा जीव टांगणीला. एकीकडे करपलेले डोंगर, एकीकडे निळंशार पाणी, डिसेंबरातही दुपारी पाय भाजतील अशी वाळू. पण मी समुद्राकडे कुठली बघतेय? माझं सगळं लक्ष आबांकडे. त्यांनी भावाच्या बायकोला एकाच दिवशी दोनदा विचारलं, "तुझं माहेर कुठलं गं?" दुसऱ्या वेळी मीच घाईघाईने उत्तर दिलं. ते चष्मा शोधायला लागले की मी आधीच हातात ठेवायची. भावाच्या सगळं लक्षात येत होतं. तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा, त्याचाच मला राग यायचा.

पण पाण्याजवळ आबा वेगळेच व्हायचे. तंबू कुठे ठोकायचा, दोर कसा ताणायचा, वारा कुठून सुटणार, सगळं तेच सांगायचे. सहाव्या दिवशी सकाळी आम्ही एका लांबलचक, मोकळ्या किनाऱ्यावर होतो. पाणी खाली होतं. आबांनी ओल्या वाळूवर टाच आपटून बघितली आणि म्हणाले, "गाडी घे हितं, तंबू पन हितंच आना. वाळू कडक हाय. पान्याजवळ बसून न्याहारी करू."

भावाने मोबाइल काढला. "आबा, भरती साडेनवाला आहे. इथे नको."

आबा हसले. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट, म्हणजे सहा वाजता. जुनी माणसं बोटांच्या पेरांवर मोजून सांगतात. ओहोटीला वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जाणाऱ्या बाया आधी आबांना विचारूनच टोपल्या उचलायच्या. आबांनी पेरं मोजली. "आज पुनव. पंधराची पाऊनपट सव्वाअकरा. लय वेळ हाय."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते इतके ठाम बोलले होते. मला वाटलं, हीच संधी. मी भावाला फाडकन म्हटलं, "ठेव तो मोबाइल खिशात! ज्या माणसाने जन्मभर समुद्र बघितला त्याला तू शिकवणार? चार वर्षं परदेशात काय राहिलास, बापापेक्षा शहाणा झालास?" भावाचा चेहरा उतरला. त्याने मुकाट्याने गाडी खाली घेतली, तंबूही हलवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरून नेलेले सुके बोंबील भाजून होईपर्यंत पाणी चाकांना लागलं. भावाने गाडी मागे घेतली तर चाकं जागेवरच फिरून वाळूत रुतली. आम्ही ढकलतोय, भावाची बायको गाद्या ओढतेय, तंबू अर्धा पाण्यात. लांबून तिथले दोन मच्छीमार त्यांची गाडी घेऊन धावत आले, दोर बांधला आणि आमची गाडी ओढून काढली. भले लोक, पैसे देऊ केले तर उलट आम्हालाच खजूर देऊन गेले.

आबा तेवढा वेळ गुडघाभर पाण्यात उभे होते. पुन्हा पुन्हा पेरं मोजत होते. "पंधराची पाऊनपट... सव्वाअकराच येतात गं." मी हाताला धरून त्यांना वर आणलं.

भाऊ एक शब्दही वाकडा बोलला नाही. उलट आबांजवळ बसून म्हणाला, "आबा, तुमचं गणित बरोबर आहे. ते अर्नाळ्याचं आहे, इथलं पाणी वेगळ्या वेळेला भरतं. इतकंच." मीही दहा वेळा तेच सांगितलं. आबा ऐकत होते की नाही कोण जाणे. परतताना विमानात ते आपणहून म्हणाले, "घराला कुलूप लाव. मी तुझ्याकडं येतो." भाऊ जिंकला म्हणून मला राग यायला हवा होता. मला फक्त रडू आलं.

आता आबा माझ्याकडे आहेत. खिडकीत बसतात. विसरणं वाढलंय, पण मला सलतं ते दुसरंच. परवा गावाहून शेजारच्या काकूंचा फोन आला. "आबांना विचार गं, उद्या अमावास्या, तिसऱ्या काढायला जायचंय, ओहोटी किती वाजता?" मी फोन आबांसमोर धरला. त्यांचा अंगठा पेरांवर गेला, दोन पेरं सरकला आणि थांबला. "तुझ्या भावाला विचार," म्हणाले, "त्याच्या मोबाइलमधी असंल."

मग मीच मनात मोजलं. अमावास्याही पंधरावीच तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तिथून सहा तासांनी ओहोटी. काकूंना म्हटलं, "सव्वापाचला जा. आबांनीच सांगितलंय."

आबांनी माझ्याकडे बघितलं. लहान मुलासारखे घाबरून म्हणाले, "मी नाय सांगितलं गं."