काकींचे गुडघे

कुठलीही वस्तू घेण्याआधी काकी तिच्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करून बघत. नारळ, मडकं, कलिंगड आपण सगळेच वाजवून बघतो. काकी प्लास्टिकची बादलीही वाजवत. मी नवा फ्रिज आणला, तेव्हा वर येऊन तोही वाजवून गेल्या. "वाजला पायजे," एवढंच म्हणाल्या. फ्रिज त्यांना पसंत पडला की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.

भिवंडीच्या शाळेत नोकरी लागल्यापासून मी दापोड्याला त्यांच्याच घरात, वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. कधीकाळी घराभोवती त्यांची भातशेती होती. आता तिथे गोदामं आहेत. यजमान वारले, एकुलती एक मुलगी नर्स होऊन आयर्लंडला गेली, तिथेच लग्न करून राहिली. काकी खाली एकट्या. संध्याकाळी ओटीवर बसायचं आणि वाट चुकलेल्या कंटेनरवाल्याला हिंदीत रस्ता सांगायचा, हा त्यांचा नेम. "उदर से वळण लेना, मंग सीदा जाना," असं त्यांचं हिंदी. ड्रायव्हर लोक मुकाट्याने मान हलवत आणि बरोबर जागी पोचत.

एके दिवशी त्या जिना चढून वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, "बाई, पोरीला दिवस गेल्यात. मना बोलावते."

मी आनंदाने त्यांना आत घेतलं, पण त्या बसल्या नाहीत. कारण मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वीही मुलगी गरोदर होती आणि तेव्हाही तिने आईला बोलावलं होतं. काकींनी फोनवर सांगितलं होतं, की गुडघे फार दुखतात, एवढा वेळ विमानात बसवणार नाही. पुढे पाचव्या महिन्यात ते मूल गेलं. नवरा सोडला तर तिच्याजवळ आपलं कोणी नव्हतं.

"या वेळी जायचं ना, काकी?" मी विचारलं.

"जावाचा हाय," त्या म्हणाल्या. "तुमी मना शिकवा."

मग आमची शाळा सुरू झाली. पहिला धडा बॅगेचा. भिवंडीच्या बाजारात काकींनी दुकानातली एकेक बॅग आडवी करून वाजवली. दुकानदार गावातलाच होता. तो म्हणाला, "काकी, बॅग हाय ती, कलिंगड न्हाय." काकी म्हणाल्या, "कलिंगड फुटला तर खाता तरी येतो." शेवटी घेतली ती लालभडक बॅग, का तर दुरून ओळखू येईल म्हणून.

दुसरा धडा सरकत्या जिन्याचा. त्यासाठी आम्ही ठाण्याच्या एका मॉलमध्ये गेलो. काकी जिन्यासमोर बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत होत्या. मग लुगड्याचा काठ मुठीत धरला, पायरी हेरली आणि चढल्या. वर पोचल्यावर खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. तिसऱ्यांदा तर मला खालीच उभं करून एकट्याच गेल्या आणि वरून हात हलवला. आपण काहीतरी खरेदी करायला पाहिजे असं मला उगाच वाटू लागलं, कारण तिथला रखवालदार आमच्याकडे सारखा बघत होता.

सुक्या सोड्यांवरून मात्र आमचं भांडण झालं. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. मुलीला फार आवडतात म्हणून काकींनी ते कपड्यांच्या मधोमध ठेवले होते. बाळासाठी जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली होती, त्यांनाही वास लागेल असं मी म्हटलं. काकींनी सोडे काढले, हुंगले आणि माझ्या हातात दिले. "तुमीच खा मंग," म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या.

आणि मग मुलीचा फोन आला. तिकीट काढलं होतं. दुबईला विमान बदलायचं होतं. तिने आईसाठी विमानतळावर चाकाची खुर्ची सांगितली होती. ढकलायला माणूस येईल, तोच एका विमानातून दुसऱ्या विमानात नेईल, कुठे काही वाचायला नको, विचारायला नको.

काकींनी फोन माझ्याकडे दिला आणि त्या अंगणात निघून गेल्या. मी मागे गेले, तर म्हणाल्या, "मी न्हाय बसायची खुर्चीत."

"अहो काकी, सगळेच घेतात. सोय असते ती."

"सोय नको मना."

मी खूप समजावलं. इंग्रजी पाट्या, लांबच लांब वाटा, सगळं सांगून झालं. त्या ऐकेनात. शेवटी ओटीवर येऊन टेकल्या. समोरून गोदामाकडे जाणारा ट्रक धूळ उडवत गेला.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "माझं गुडघं कधी दुखलंच न्हाईत."

मी त्यांच्या शेजारी टेकले.

"त्या वेळी भ्याले मी. विमानाला भ्याले. कवा भिवंडीच्या भाईर एकली गेले न्हाय, तिकडं कशी जाऊ? म्हून गुडघ्याचा सांगला. पोरगी एकलीच रडली तिकडं. आता त्याच गुडघ्यासाठी ती खुर्ची देते, न् मी तीत बसू?"

रोज माझा जिना चढून येणारी ही बाई. तिचे गुडघे दुखताना मी कधी पाहिले नव्हते, आणि ते कधी माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तुमच्याही शेजारी असं कोणी राहत असेल. आपण रोज पाहतो, आणि पाहत नाही.

खुर्ची रद्द करायची तर मुलीला कारण सांगावं लागणार. "तिकडं जाऊन तिला तोंडावर सांगन. फोनवर न्हाय," काकी म्हणाल्या. म्हणून खुर्ची तशीच राहिली.

दुपारचं विमान होतं. जायच्या आदल्या दिवशी त्या वज्रेश्वरीला देवीची ओटी भरून आल्या. विमानतळावर मी सोबत गेले. दारापाशी गणवेशातला एक माणूस खुर्ची घेऊन आला आणि त्याने काकींचं नाव विचारलं. काकी त्याच्याकडे बघतच नव्हत्या. रांगेत पुढे बुरख्यातली एक म्हातारी भिंतीला धरून उभी होती. एक पाय उचलायची, टेकवायची, मग दुसरा.

काकी तिच्याजवळ गेल्या. "किदर जाती अम्मा?"

"दुबई. बेटे के पास."

"गुडघे दुखते?"

"बहुत."

काकी मागे वळून त्या माणसाला म्हणाल्या, "इसको बिठा."

"मौसी, ये आपके नाम की है," तो म्हणाला.

"मेरे नाम की हाय ना? मंग मी बोलती हाय, इसको बिठा. मी बाजूला चालती. एकच विमान हाय."

तो हसला. त्याने दोघींची तिकिटं पाहिली आणि खुर्ची म्हातारीपुढे आणली. काकींनी तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि एका हाताने लाल बॅग ओढत, दुसऱ्याने खुर्चीचा दांडा धरून तुरुतुरु आत गेल्या. काचेपलीकडे ती बॅग दिसत होती, तोवर मी उभी होते.

तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. ती हसत होती.

"ताई, दुबईला मात्र बसली हं आई खुर्चीत. म्हणते, गुडघ्यासाठी न्हाय, विमानतळच तालुक्याएवढा हाय." मग म्हणाली, "तिने मला सगळं सांगितलं. आल्या आल्या, गाडीत बसायच्या आधी."

"तू काय म्हणालीस?"

"मला तेव्हाच माहीत होतं, ताई. आईला मी ओळखत नाही का? म्हणून तर खुर्ची सांगितली. म्हटलं, या वेळी गुडघ्यांचं कारण उरायलाच नको."

नात झाली. सुखरूप आहे. काकींच्या हातची तेलाची आंघोळ झाली, की दुपारभर झोपते म्हणे. परतीची तारीख दोनदा पुढे गेली आहे. इकडे संध्याकाळी वाट चुकलेले ड्रायव्हर रिकाम्या ओटीपुढे थांबतात आणि वर माझ्या खिडकीकडे बघतात.

परवा मुलीने एक व्हिडिओ पाठवला. घराजवळच्या बागेतल्या बाकावर काकी बसल्या आहेत, लुगड्यावर जाड कोट, पायांत लोकरी मोजे. शेजारी तिथली एक गोरी म्हातारी. ती तिच्या भाषेत काहीतरी सांगते आहे आणि काकी मान डोलावतात. मग काकी आपल्या बोलीत सांगतात आणि ती मान डोलावते. बराच वेळ तेच चाललं आहे.

रात्री मी फोनवर विचारलं, "काकी, कोण हो ती?"

"शेजारीण. तिची पोरगी लांब ऱ्हाते, येत न्हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिनीच सांगला," काकी म्हणाल्या.