दर्याबाईंचं पोतं

सुक्या बोंबलांचं एक भरलेलं पोतं मी कुजलेलं समजून दवाखान्यामागे पुरलं आणि वरून फिनेल ओतलं. आरमोरीच्या मिशन दवाखान्यात मी तेव्हा नवा कंपाउंडर होतो. घर नागपूरचं, शाकाहारी. बोंबील उभ्या जन्मात पाहिला नव्हता. वास आला आणि मला वाटलं, आज आपल्या हातून एक साथ टळली.

पोतं आलं होतं आमच्या नर्सबाईंच्या गावाहून, पार समुद्रकिनाऱ्यावरून. लोक त्यांना दर्याबाई म्हणत, कारण कुठलीही गोष्ट त्या दर्याशी ताडून पाहत. वैनगंगेला पूर आला, सगळे काठावर आ वासून उभे, बाई म्हणाल्या, "चांगलं आहे. मीठ तेवढं कमी पडलं."

आपल्या गावच्या चर्चचा इतिहास त्या एका दमात सांगत. "राजाने जमीन दिली नाही, साहेबाने पैसा दिला नाही. आमच्या होड्यांनी बांधलं." दर साल होड्या दर्यात उतरल्या की पहिल्या दिवसाची मासळी चर्चची. तिच्यावर भिंती उभ्या राहिल्या, मग गावच्या विधवांची चूल पेटली. बाई आमच्या जंगलात आल्यापासून त्यातला एक वाटा सुकवून वडसा स्टेशनावर येई. पावसाळ्यात रस्ते बंद पडले की दवाखान्यातल्या बाळंतिणींना त्याचंच कालवण. हे सगळं मला कळलं, पण पोतं पुरल्यावर.

बाई कुरखेड्याहून परतल्या तेव्हा मी मोठ्या अभिमानाने त्यांना खड्डा दाखवला. आत सात बाळंतिणी, वर भरून आलेलं आभाळ.

"मासळीला वास असतो, माणसाला नाक असतं," बाई म्हणाल्या. "मधे थोडी अक्कलही लागते. टोपली घ्या."

मला त्यांनी ढिवरांच्या मोहल्ल्यात नेलं. तलाव-नदीच्या मासोळीवर जगणारी ही घरं. दारोदार टोपली पुढे करायची आणि काय केलं ते आपल्याच तोंडाने सांगायचं, ही बाईंची अट. पहिल्या दारात सखूबाई उभी. तिची सून आमच्याकडेच बाळंत झाली होती.

"मासोळी पुरली? काऊन, मेली होती का?"

हसतहसतच ती आत गेली आणि पावसाळ्यासाठी मडक्यात राखलेली सुकी मासोळी ओंजळभर घेऊन आली. "आता पुढच्या घरी पुन्हा पहिल्यापासून सांग, भाऊ. मले बी आयकाचं आहे."

शेवटच्या दारापर्यंत माझ्यामागे अर्धा मोहल्ला होता आणि टोपली उचलवत नव्हती. त्या पावसाळ्यात एकही बाळंतीण कोरड्या भातावर राहिली नाही.

पुढच्या साली कुणी न सांगता तलावाच्या पहिल्या जाळ्यातली मासोळी दवाखान्याच्या दारात आली. त्यानंतर दर साली येत राहिली. ही प्रथा मी सुरू केली, असं मी चारचौघांत सांगत असे. बाईंनी ते कधी खोडलं नाही. फिनेलची बाटली मात्र त्या कुलपात ठेवत.

काही वर्षांनी त्यांना किनाऱ्यावर परत बोलावणं आलं. निरोपाला मोटारीपाशी सगळा मोहल्ला जमला. बाईंनी दवाखान्याच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मला भरून आलं. दोन शब्द बोलावेत म्हणून मी घसा खाकरला. सखूबाईने एकदा किल्ल्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बाई," ती म्हणाली, "तुमी जाऊन राह्यल्या, अन् याले इथीच ठेवून राह्यल्या?"