बानाबाईचा दुसरा डोस

पिशोरच्या वरच्या अंगाला मुंजाबाची वस्ती आहे. दीडशे मेंढ्या, एक मुलगा, एक सून आणि दहा महिन्यांची नात, हा त्याचा संसार. क्रम मी मुद्दाम तसा लावला आहे. मी जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक आहे. मुंजाबा मला डाक्टरसाहेब म्हणतो आणि मी त्याला कधी दुरुस्त केलेलं नाही.

लसीच्या बाबतीत त्याच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. पावसाळ्याआधी मेंढ्यांना टोचायचं असतं, तर मे महिना लागला की याचा फोन हजर. मी पोचलो की आधी थर्मासात हात घालून बर्फ बघणार, मुलाकडून बाटलीवरची तारीख वाचून घेणार. टोचलेल्या प्रत्येक मेंढीच्या कपाळाला स्वतः गेरू लावणार, म्हणजे एकही सुटायला नको आणि एकीला दोनदा नको. उद्या मेंढ्या जरा सुस्तावतील, चारा कमी खातील, हे मी आधीच सांगून ठेवतो. तेवढ्यावर तो निर्धास्त असतो.

आणि हाच मुंजाबा सायलीला, म्हणजे नातीला, गोवराची लस देऊ देत नव्हता.

त्याला कारण होतं. करोनाच्या उन्हाळ्यात त्याची बायको बानाबाई गेली. पहिला डोस झाला होता, दुसऱ्याची तारीख यायच्या आत ती वारली. त्यानंतर चार महिन्यांनी मुंजाबाच्या मोबाईलवर संदेश आला, की बानाबाई यांना दुसरा डोस यशस्वीरीत्या देण्यात आला आहे, अभिनंदन. त्यानं तो मुलाकडून तीनदा वाचून घेतला. कुणीतरी खुर्चीत बसून उद्दिष्ट पूर्ण केलं असणार. हे वाचून मुंजाबाला काय वाटलं असेल, या विचारानं मला आजही चीड येते.

यंदा शेजारच्या वस्तीवर गोवर निघाला. दोन पोरं शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात भरती झाली. लस टोचणारी, आरोग्य केंद्राची सुलेखा सिस्टर तीनदा आली आणि तिन्ही वेळा अंगणातूनच परत गेली. चौथ्यांदा तालुक्याचे साहेब जीप घेऊन आले. त्यांनी लोकांना आधी अडाणी म्हटलं, मग रेशन बंद करायचा दम दिला, आणि शेवटी शासनाला तुमची काळजी आहे असं सांगितलं. लस दिल्यावर ताप येतो का, असं एका बाईनं विचारलं. काही म्हणजे काही होत नाही, असं साहेबांनी ठोकून दिलं. मुंजाबानं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. साहेबांनी वाचलं आणि तांत्रिक चूक आहे म्हणाले.

"मेलेल्या बाईला टोचलं म्हन्ता," मुंजाबा म्हणाला, "मंग जित्या पोरीला काय टोचताल, ह्याचा काय भरवसा?"

वस्ती खो खो हसली आणि जीप निघून गेली. मुंजाबा एका दिवसात पुढारी झाला. वस्तीवर लसीची अकरा पोरं होती, त्यातलं एकही कुणी पुढं आणेना. अमेरिकेतला कुणी डॉक्टर अस्खलित हिंदीत लसीचे तोटे सांगतो, असा व्हिडिओ घरोघर फिरला. मलाही दोघांनी विचारलं. मी म्हणालो, माणसांचं मला विचारू नका, आमचं खातं वेगळं. भित्रेपणाला सरकारी नोकरीत याहून सोयीचं नाव नाही.

मेंढ्यांना टोचायचा दिवस आला. मेंढ्या जाळीत कोंडलेल्या. मुलगा बिभीषण एकेक धरून आणत होता, मी टोचत होतो, मुंजाबा गेरू लावत होता, वस्ती बघत होती. एक मेंढी गेली आणि पुढं सून उभी राहिली. ज्ञानेश्वरी सासऱ्यासमोर कधी तोंड उघडत नसे. तिनं पोरीचा दंड उघडा करून माझ्यापुढं धरला.

"डाक्टरसाहेब, हिलाबी टोचा. मेंढरांची लस मामाला खरी वाटती. पोरीला तीच द्या."

मला थट्टा वाटली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बिभीषण स्वतःच्या चपलांकडं बघत राहिला. तेवढं त्याला छान जमतं. ही माणसांना चालत नाही, असं मी कसंबसं बोललो.

"मंग मान्सांची कोनती खरी, ते तुम्ही सांगा. तुमच्यावर ह्यांचा इस्वास हाय."

आता खातं आड येईना. सुलेखाकडची लस खरी आहे, माझ्या नातवंडांना तीच दिली आहे, ताप येईल, बारीक पुरळ येईल, दोन दिवसांत जाईल, आणि गोवर मात्र पोर घेऊन जाऊ शकतो, हे सगळं मी सांगितलं. जेमतेम दोन मिनिटं लागली. एवढ्यासाठी मी तीन महिने गप्प बसलो होतो.

मुंजाबानं गेरूचा हात धोतराला पुसला. मग म्हणाला, "बोलवा बाईला."

सुलेखा दुपारी आली. सवयीप्रमाणे तिनं आधी रजिस्टर उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं. मुंजाबानं रजिस्टर मिटलं, त्यावर हात ठेवला.

"आधी टोचा," तो म्हणाला. "मंग लिवा."

सायली किंचाळली, मग आईच्या खांद्यावर मुसमुसत राहिली. मागोमाग वस्तीवरची बाकीची पोरं आली. अकराही जणांना टोचून झालं तरी त्याचा हात रजिस्टरवरून हलला नाही. शेवटी सुलेखानं विनवलं तेव्हा त्यानं तो काढला, आणि एकेक जितं पोर तिच्यापुढं उभं करून नाव लिहून घेतलं.